स्यात् म्हणजे ‘कदाचित’ नव्हे: माझ्या सिनॉप्सिसमधलं खोडलेलं वाक्य

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं पहिलंच वाक्य असं होतं: ‘बहुमूल्यी तर्कशास्त्राचा शोध जैन आचार्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच लावला होता.’ समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “कोणत्या ग्रंथात? आणि मूल्यं किती, तीन की सात?” मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं, आवडलं होतं, उचललं होतं.

आता पेट देऊन बसलेले ज्युनियर मित्र त्यांचे मसुदे वाचायला पाठवतात, आणि दर दोन-चार मसुद्यांत हेच वाक्य कपडे बदलून भेटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. वाक्य पूर्ण चूक आहे असं नाही. पण त्यात काय बरोबर आणि काय चूक, हे वेगळं करायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा असतो. विधान म्हणजे जे सत्य तरी असतं किंवा असत्य तरी. दोन्ही नाही, आणि दोन्हींच्या मधलंही नाही. याच पायावर सत्यता सारणी उभी राहते. यात खरं तर दोन वेगळे आग्रह आहेत. एक, ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही एकत्र खरे नसतात. हा अव्याघाताचा नियम. दोन, दोघांपैकी एक खरं असतंच. हा विमध्याचा नियम, म्हणजे मधली जागा नाही. बारावीत आपण हे दोन्ही एका दमात गिळतो. पुढे ज्यांनी द्विमूल्यी तर्काला हात घातला, त्यांच्यातल्या काहींनी पहिला नियम सैल केला, काहींनी दुसरा. कोणी कोणता सैल केला हे न बघता सगळ्यांना ‘बहुमूल्यी’ म्हटलं की गोंधळ सुरू होतो.

आता एक वाक्य घ्या: ‘जुने शहर नदीपलीकडे आहे.’ अकोल्याबाहेरच्यांसाठी सांगतो, मोर्णा नदीच्या पश्चिम काठाला जुने शहर आहे, आणि ताजनापेठ, रेल्वे स्टेशन ही बाजू पूर्व काठाला. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला हे वाक्य खरं आहे. माझ्या घराच्या ओट्यावर बसून म्हटलं तर खोटं. इथून ताजनापेठ पलीकडे. मग या वाक्याचं सत्यता मूल्य काय, अर्धं? नाही. वाक्यच अर्धं आहे. ‘कुठून बघता’ हे भरलं की ते चोख सत्य किंवा चोख असत्य होतं, आणि दोनच मूल्यांत काम भागतं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यापेक्षा अवघड वाक्यं भविष्यकाळातली. अॅरिस्टॉटलने उद्याच्या सागरी लढाईचं उदाहरण घेतलं होतं. आपण म्हणू, ‘उद्या अकोल्यात पाऊस पडेल.’ हे वाक्य आजच सत्य असेल तर उद्याचा पाऊस आजच ठरलेला आहे. आजच असत्य असेल तर न पडणंही ठरलेलं. दोन्ही नको असेल तर? पोलंडचे यान लुकासिएविच या प्रश्नावर अडले, आणि १९१८ साली वॉर्सा विद्यापीठातल्या व्याख्यानात त्यांनी तिसरं मूल्य मानणारं तर्कशास्त्र रचल्याचं जाहीर केलं. १९२० मध्ये ते छापून आलं. असत्य ०, सत्य १, आणि ‘शक्य’ ½. नकार म्हणजे १ मधून वजा. ‘आणि’ म्हणजे दोघांतलं लहान मूल्य. ‘किंवा’ म्हणजे मोठं. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, एमिल पोस्ट यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे कितीही मूल्यांची पद्धत मांडली.

हे वाचताना मी हरखून गेलो होतो. मग पाऊस घालून बघितला. ‘पडेल’ ½, तर ‘पडणार नाही’ हेही ½. ‘पडेल किंवा पडणार नाही’ याची किंमत ½ आली. आमच्या आजीला विचारलं तरी ती म्हणेल, “हे त खरंच हाय न बाप्पा, दोनातलं एक त होईनच.” ‘पडेल आणि पडणार नाही’ याचीही किंमत ½, हे तर सरळ ० यायला पाहिजे. कारण साधं आहे: सारणीला फक्त मूल्यं दिसतात, वाक्यांचं आपसातलं नातं दिसत नाही. ½ आणि ½ समोर आले की एक दुसऱ्याचा नकार आहे की भलतंच वाक्य आहे, हे तिला कळत नाही. लुकासिएविचने विमध्याचा नियम गेला तर गेला, अशी किंमत मोजून ही पद्धत स्वीकारली. इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक खूणगाठ बांधून ठेवा: संभाव्यता म्हणजे बहुमूल्यी तर्क नव्हे. संभाव्यतेत ‘पडेल आणि पडणार नाही’ याची किंमत नेहमी शून्यच येते. दोन्हींत ० ते १ मधले आकडे दिसतात म्हणून ते एक होत नाहीत.

तिसऱ्या मूल्याचा अर्थही प्रत्येकाचा वेगळा. क्लीनी यांच्या १९३८ च्या पद्धतीत ते ‘अजून ठरलेलं नाही’ असं आहे; गणनयंत्र चालू आहे, उत्तर बाहेर आलेलं नाही. एसक्यूएलमध्ये कधी काम केलं असेल तर या प्रकारचं तिसरं मूल्य तुम्हाला चावलेलं असणार. सर्वेक्षणाच्या तक्त्यात काहींच्या वयाचा रकाना रिकामा आहे, म्हणजे ‘नल’. ‘वय १८ पेक्षा जास्त’ ही अट लावा, त्या ओळी येत नाहीत. ‘वय १८ पेक्षा जास्त नाही’ लावा, तरी येत नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज मूळ संख्येशी जुळत नाही, आणि माणूस रात्रभर चूक शोधत बसतो. १९६५ मध्ये लॉटफी झादेह यांनी मांडलेल्या फझी संचांचा प्रश्न आणखी निराळा: तिथे माहिती पूर्ण असते, शब्दच पसरट असतो. ‘हे वावर भारी आहे’ यात माती समोर आहे, मोजलेली आहे, तरी भारी कुठे संपते आणि मध्यम कुठे सुरू होते याला रेघ नाही.

म्हणजे भविष्य, अपुरी माहिती, पसरट शब्द, अशी किमान तीन वेगळी दुखणी. आता जैनांकडे वळू आणि विचारू की त्यांचं दुखणं कोणतं.

सप्तभंगी म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल बोलण्याचे सात प्रकार. स्यात् अस्ति, स्यात् नास्ति, दोन्ही क्रमाने, अवक्तव्य म्हणजे न सांगता येणारं, आणि मग अवक्तव्याच्या पहिल्या तिघांशी जोड्या. ‘स्यात्’ वाचलं की आपल्याला संस्कृतचा विध्यर्थ आठवतो आणि आपण भाषांतर करतो ‘कदाचित’. मी तेच केलं होतं, आणि तिथेच सगळं घसरलं. जैन टीकाकार पुन्हा पुन्हा बजावतात की इथे ‘स्यात्’ क्रियापद नाही, अव्यय आहे. अर्थ ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. एवढंच नाही, प्रत्येक भंगात ते ‘एव’ घालतात: स्यात् अस्ति एव. म्हणजे ‘या दृष्टीने आहेच’. मराठीतला ‘च’. ज्या वाक्यात ‘च’ आहे ते संशयाचं वाक्य कसं असेल?

आणि अपेक्षा कोणत्या? द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव. माठ मातीचा म्हणून आहे, तांब्याचा म्हणून नाही. या खोलीत आहे, त्या खोलीत नाही. मोर्णेचं उदाहरण आठवलं ना? ‘स्यात्’ हा त्या रिकाम्या रकान्याचा फलक आहे: इथे ‘कुठून, केव्हा, कशाच्या रूपाने’ ते भरा. भरलं की वाक्य द्विमूल्यीच. वेदान्त्यांचा प्रसिद्ध आक्षेप असा की एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म राहू शकत नाहीत. पण जैनांचं उत्तर अव्याघाताचा नियम मोडण्याचं नाहीच. एकाच अपेक्षेने दोन्ही आहेत असं ते म्हणतच नाहीत.

मग सात कुठून आले? सात ही मूल्यांची संख्या नाही, गणती आहे. मूळ तीन घटक: अस्ति, नास्ति, अवक्तव्य. त्यातून एक, दोन किंवा तीन निवडायचे; काहीच न निवडणं सोडलं तर २³ − १ = ७. ‘भंग’ हा शब्द जैन आगमांत अशा निवडी-जुळवणींसाठी येतो. ही मंडळी मोजण्यात फार रमलेली होती. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त काही वस्तूंमधून काही निवडण्याचं सर्वसाधारण सूत्र आहे. आणि आपल्या वऱ्हाडाशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे ‘धवला’. षट्खंडागमावरची वीरसेनांची ही प्रचंड टीका अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजमध्ये प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केली. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. तिच्यात ‘अर्धच्छेद’ नावाची कल्पना आहे: एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येते. ३२ चे अर्धच्छेद ५. आजच्या भाषेत दोनच्या पायाचा लॉगॅरिदम. लखनौचे अवधेश नारायण सिंह यांनी या टीकेतल्या गणितावर लिहिलं, तेव्हा कुठे गणिताच्या इतिहासकारांचं लक्ष तिकडे गेलं. जिथे दुप्पट-निमपट इतकी अंगवळणी पडलेली आहे, तिथे तीन घटकांचे सातच भंग होतात, आठवा होत नाही, हे छातीठोकपणे सांगणारे लोक असणं साहजिक आहे.

‘अडीच हजार वर्षां’चं काय? महावीरांच्या नावावर सगळंच टाकायची आपल्याला सवय आहे. भगवतीसूत्रात ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘अवक्तव्य’ ही भाषा भेटते. सातही भंगांचा उल्लेख कुंदकुंदांच्या ‘पंचास्तिकाया’त आहे, आणि तर्काच्या अंगाने ती मांडणी भक्कम झाली समंतभद्र, अकलंक अशा पुढच्या आचार्यांच्या हातून. म्हणजे वाढत वाढत गेलेली गोष्ट आहे, एका सकाळी लागलेला शोध नव्हे. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: एका ग्रंथात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवक्तव्यात दडलेलं आहे. तिसरा भंग म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही’ क्रमाने, एकामागून एक, आपापल्या अपेक्षेने. चौथा, अवक्तव्य, म्हणजे तेच दोन्ही युगपत्, एकाच वेळी एका शब्दात सांगायला गेलात तर. तिथे भाषा थांबते. क्रमाने चालतं, युगपत् चालत नाही, हा फरक मला सुरुवातीला नुसता शब्दच्छल वाटला होता. मग लुकासिएविचचाच विद्यार्थी स्तानिस्वाव याश्कोव्स्की भेटला. १९४८ मध्ये त्याने चर्चेचं तर्कशास्त्र मांडलं. चर्चेत एक जण ‘अ’ म्हणतो, दुसरा ‘अ नाही’ म्हणतो. चर्चेच्या वहीत दोन्ही विधानं नोंदवता येतात, कारण प्रत्येक विधान कुणाच्या तरी दृष्टीने खरं आहे. पण ‘अ आणि अ नाही’ हे एक जोडविधान म्हणून नोंदवता येत नाही, कारण ते कुणाचंच म्हणणं नाही. दोन वेगळी वाक्यं चालतात, त्यांचं ‘आणि’ चालत नाही. क्रम आणि युगपत् यांच्यातला हाच भेद. याश्कोव्स्कीने जैन ग्रंथ वाचले होते असं मी म्हणत नाही. सारखा प्रश्न पडला की सारखी वाट सापडते, एवढंच.

भारतात या विषयाकडे आधी वळले ते संख्याशास्त्रज्ञ. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये ‘डायलेक्टिका’ या नियतकालिकात संख्याशास्त्राच्या पायाबद्दल लिहिताना स्याद्वादाची सांगड संभाव्यतेच्या विचाराशी घातली. १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘सांख्य’मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. त्यांचं उदाहरण मला जास्त पटतं, कारण ते प्रयोगशाळेतलं आहे. संवेदनेच्या उंबरठ्यावरचा उद्दीपक, म्हणजे जेमतेम जाणवेल न जाणवेल असा. माणसाला विचारायचं, जाणवला का? उत्तरं तीन: हो, नाही, सांगता येत नाही. तोच प्रयोग अनेकदा केला तर एकेका उद्दीपकाला कोणती कोणती उत्तरं मिळाली याचे प्रकार नेमके सात. फक्त हो, फक्त नाही, कधी हो कधी नाही, आणि पुढचे चार. पण किती वेळा हो आणि किती वेळा नाही, हा आकडा सप्तभंगीत नाही. संभाव्यता त्या आकड्यापासून सुरू होते. म्हणून ‘जैनांनी संभाव्यता शोधली’ हेही वाक्य लिहू नका.

आता अकोल्यात परत येतो. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो भाग अकोला जिल्ह्यातच होता. मूर्ती एक, पूजणारे पंथ दोन: श्वेतांबर आणि दिगंबर. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. ही वाटणी स्याद्वादाच्या भाषेत वाचून बघा. ‘इथे श्वेतांबर पद्धतीने पूजा होते’ हे वाक्य काळाची अपेक्षा भरल्याशिवाय अर्धं आहे. या वेळी होतेच, त्या वेळी नाहीच. भांडण वाटणारी दोन वाक्यं क्रमाने लावली आणि दोन्ही खरी झाली.

पण ते टिकलं नाही. १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टात दावा दाखल झाला. त्याचा निकाल लागला १९१८ मध्ये, म्हणजे लुकासिएविच वॉर्सात तिसऱ्या मूल्याची घोषणा करत होते त्याच साली. तिथून अपील नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांकडे, तिथला निकाल १९२३ चा, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, १९२९. व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांना मिळाला. दिगंबरांचा पूजेचा हक्क १९०५ च्या वाटणीप्रमाणे कायम राहिला. म्हणजे एवढ्या कोर्टांतून जाऊनही वेळापत्रक जिवंत होतं. वाद अडून राहिला तो मूर्तीवरच्या लेपापाशी, कटिसूत्र आणि कछोट्यापाशी. कोण बरोबर हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि इथे तो विषयही नाही. पुढे मंदिर चार दशकांहून अधिक काळ बंद राहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये उघडलं.

या प्रकरणाचा मी तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणून फार विचार केला. वेळ वाटता येते, पण लेप वाटता येत नाही. सकाळी एका पंथाची वेळ आणि नंतर दुसऱ्याची, असं ठरवता येतं. दगडावरचा कछोटा मात्र घड्याळाप्रमाणे येत-जात नाही. तो असतो किंवा नसतो, त्याच जागी, त्याच क्षणी, दोघांसाठी. जिथे अपेक्षा बदलता येते तिथेच ‘स्यात्’ प्रश्न सोडवतो. जिथे द्रव्य, क्षेत्र, काळ सगळे एकच येऊन बसतात, तिथे क्रम संपतो आणि युगपत् उरतं. ‘अनेकान्त मानणाऱ्यांनीच भांडावं?’ अशी टिंगल या खटल्यावर मी ऐकली आहे. ती मला उथळ वाटते. आचार्यांनी चौथा भंग वेगळा काढला होता तो काही हौसेखातर नव्हे.

तर मग सप्तभंगी बहुमूल्यी आहे की नाही? अभ्यासक अजून एकमताचे नाहीत. पुण्याचे प्रदीप गोखले यांनी १९९१ च्या लेखात ‘स्यात्’चा अर्थ ‘अशी एक दृष्टी आहे की जिच्यातून’ या धर्तीने लावला; त्या वाचनात नेहमीचं द्विमूल्यी तर्कशास्त्र पुरतं. जोनार्डन गनेरी यांनी २००२ मध्ये आणि ग्रॅहम प्रीस्ट यांनी २००८ मध्ये अवक्तव्याला खरंखुरं मूल्य मानून बहुमूल्यी रचना उभ्या केल्या. वाचायचं असेल तर आधी गोखले वाचा, मग प्रीस्ट. उलट केलं तर प्रीस्टच्या यंत्रणेच्या प्रेमात पडून मूळ संस्कृत वाक्यरचना नजरेआड होते. माझं तसंच झालं होतं.

सगळा पेच एका शब्दावर येतो. अवक्तव्य म्हणजे ‘आहे’, ‘नाही’ यांच्या रांगेतलं तिसरं मूल्य, की ‘या प्रश्नाला या भाषेत उत्तर नाही’ असा नकार? पहिलं असेल तर त्याची सारणी देता आली पाहिजे: अवक्तव्याचा नकार काय, अवक्तव्य ‘आणि’ अस्ति मिळून काय. जुने टीकाकार भंगांच्या जोड्या देतात, पण बारावीच्या पुस्तकातल्यासारखी सारणी मला अजून त्यांच्याकडे सापडलेली नाही. दुसरं असेल तर ‘बहुमूल्यी’ हा शब्दच मागे घ्यावा लागतो.

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं: ‘सप्तभंगीत तीन मूळ भंग असून त्यांच्या जुळवणीतून सात होतात, यातील अवक्तव्य हे सत्यता मूल्य मानता येईल का, याची तपासणी या प्रबंधात केली आहे.’ सरांनी या वेळी रेघ मारली नाही. ‘केली आहे’ खोडून ‘करायची आहे’ असं केलं, आणि फाइल परत दिली.